बॅकअप आहे, पण कशावर टेकलेला?

'बॅकअप आहे ना?' हा प्रश्न सर्व्हर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो. उत्तर जवळजवळ नेहमी 'आहे' असंच येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. डिस्कवर, टेपवर, क्लाउडवर कुठेतरी फायली पडलेल्या असतात, त्यांच्या नावांत तारखा असतात, रोज सकाळी 'जॉब यशस्वी' अशी मेल येत असते. घोळ सुरू होतो तो पुढच्या तासाभरात. कारण संपूर्ण, स्वतःच्या पायावर उभा असलेला बॅकअप रोज सहसा कुणी घेत नाही. ते परवडत नाही. आजची फाइल कालच्या फाइलवर टेकलेली असते, कालची परवाच्या, आणि सगळ्या मिळून कधीतरी रविवारी घेतलेल्या एका मोठ्या फाइलवर. रिस्टोरला बसलेल्या माणसाला फायली लागतातच, पण त्याआधी त्याला हे कळावं लागतं की कोणती फाइल कोणावर टेकली आहे. याची नोंद बहुतेक ठिकाणी कुणाच्या तरी डोक्यात असते, आणि ते डोकं नेमकं त्या दिवशी रजेवर असतं.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या जगात एक प्रसंग इतक्या ठिकाणी घडून गेला आहे की त्याला एखाद्या कंपनीचं नाव चिकटवण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आहे. रविवारी पहाटे एक वाजता फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची संपूर्ण प्रत. सोमवार ते शनिवार पहाटे एक वाजता डिफरेन्शियल, म्हणजे शेवटच्या फुलनंतर जे जे बदललं तेवढंच. शिवाय दर पंधरा मिनिटांनी व्यवहारांच्या लॉगचा बॅकअप. कागदावर चोख व्यवस्था. बुधवारी दुपारी टेस्टिंगवाल्यांना ताजा डेटा हवा असतो. कुणीतरी उजवी क्लिक करून एक फुल बॅकअप घेतो, तो टेस्टच्या मशीनवर चढवतो आणि जागा अडते म्हणून ती फाइल उडवून टाकतो. काम झालं, चहा झाला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तिन्ही दिवस पहाटेचे डिफरेन्शियल बिनबोभाट होतात, मेलही येते. शनिवारी दुपारी बारा वाजता डिस्क जाते.

रविवारचं फुल व्यवस्थित चढतं. त्यावर शनिवारचं डिफरेन्शियल लावायला घेतलं की सर्व्हर अडून बसतो. ३१३६ क्रमांकाची एरर येते: या डिफरेन्शियलला जी आधीची स्थिती हवी आहे, ती या डेटाबेसची नाही. शुक्रवारचं लावून पाहिलं तरी तेच, गुरुवारचंही तेच. बुधवार पहाटेचं मात्र निमूटपणे लागतं.

आत झालेलं असतं ते असं. एसक्यूएल सर्व्हर डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो, अशा आठ पानांचा ६४ केबीचा एक गठ्ठा, आणि कोणता गठ्ठा शेवटच्या फुलनंतर बदलला याचा एक नकाशा डेटाबेसमध्येच ठेवतो. गठ्ठ्यामागे एक बिट. बदल झाला की बिट लागतो आणि डिफरेन्शियल घेताना लागलेल्या बिटांचेच गठ्ठे उचलले जातात. नवीन फुल घेतलं की नकाशा पुसून कोरा होतो. बुधवारी दुपारी तो कोरा झाला. ते फुल 'फक्त टेस्टिंगसाठी' होतं हे सर्व्हरला कोण सांगणार? त्याच्या लेखी गुरुवारपासूनची सगळी डिफरेन्शियल बुधवार दुपारच्या फाइलवर टेकलेली, आणि ती फाइल तर कचऱ्यात गेलेली. तिन्ही सकाळच्या मेली खोट्या नव्हत्या. जॉब खरोखरच यशस्वी झाले होते.

यातून सुटायची एक वाट असते, पण लांबची. फुल बॅकअपमुळे डिफरेन्शियलचा आधार बदलतो, लॉगची साखळी मात्र तुटत नाही. म्हणून रविवारचं फुल, त्यावर बुधवार पहाटेचं डिफरेन्शियल आणि त्यावर बुधवार पहाटे एकपासून शनिवार दुपारी बारापर्यंतचे सगळे लॉग. ८३ तास, तासाला चार, म्हणजे ३३२ फायली. ओळीने, एकही न गाळता. प्रत्येक लॉग फाइलमध्ये ती कोणत्या क्रमांकाच्या नोंदीपासून कोणत्या नोंदीपर्यंत आहे हे लिहिलेलं असतं. मागचीचा शेवट आणि पुढचीची सुरुवात जुळली नाही तर सर्व्हर तिथेच थांबतो. मधल्या काळात एखाद्याने 'लॉग फार फुगतोय' म्हणून डेटाबेस सिंपल मोडवर टाकून परत आणला असेल, तर साखळी तिथे तुटली आणि त्यानंतरचं सगळं गेलं. हे सगळं टाळायला बुधवारी एका चौकोनात टिक करायची होती: कॉपी-ओन्ली. नकाशाला हात न लावता फुल काढायची ही सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. लोकांना ती माहीत होते ती साधारणपणे अशा शनिवारनंतर.

*

फुल बॅकअपमध्ये फारसं काही गूढ नाही. खरा प्रश्न त्याच्या दोन धाकट्या भावंडांचा. इन्क्रिमेंटल म्हणजे मागच्या कुठल्याही बॅकअपनंतर झालेला बदल. डिफरेन्शियल म्हणजे मागच्या फुलनंतर झालेला बदल. सोमवारी दोघं सारखीच असतात, मंगळवारपासून वाटा फुटतात.

गावाकडे जमीन घेतलेल्या माणसाला हे नातं समजावून सांगावं लागू नये. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं, पण ते कसं आलं हे पाहायचं तर उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक धरून गाव नमुना ६ मध्ये मागे मागे जावं लागतं. वारस नोंद, खरेदी, वाटणी, बोजा चढवणं, बोजा उतरवणं. प्रत्येक फेरफार आधीच्या स्थितीत काय बदललं तेवढंच सांगतो आणि मधला एक सापडला नाही की वकील सर्च रिपोर्टवर सही करत नाही. इन्क्रिमेंटल बॅकअप असाच चालतो. पूर्वी साधारण दहा वर्षांनी तलाठी सातबाऱ्याचं पुनर्लेखन करत, म्हणजे चालू नोंदी नव्या पानावर उतरवून घेत. बॅकअपच्या धंद्यात याला सिंथेटिक फुल म्हणतात. मूळ सर्व्हरला हात न लावता जुनं फुल आणि त्यापुढची इन्क्रिमेंटल एकत्र करून नवं फुल तयार करायचं. पुनर्लेखनात एखादं नाव गळलं की पुढे काय हेलपाटे पडतात, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना सिंथेटिक फुलचा धोकाही वेगळा सांगायला नको. तरी महसूल खात्याची एक गोष्ट मानायला हवी: फेरफाराचा क्रमांक उताऱ्यावरच असतो. नोंद स्वतःच सांगते की माझ्या मागे कोण आहे. बॅकअपच्या फायलींबाबत एवढं सौजन्य सगळीच सॉफ्टवेअरं दाखवत नाहीत.

आकडेमोड अशी. समजा १,००० जीबी डेटा आहे आणि रोज त्यातला २० जीबी बदलतो. रोज फुल घेतलं तर आठवड्याला ७,००० जीबी लागतात. रविवारी फुल आणि बाकी दिवस इन्क्रिमेंटल घेतलं तर १,१२०. डिफरेन्शियल घेतलं तर सोमवारी २०, मंगळवारी ४०, असं चढत शनिवारी १२०, एकूण १,४२०. तेही रोज वेगळाच भाग बदलला तर. प्रत्यक्षात तीच तीच रेकॉर्डं पुन्हा पुन्हा बदलतात, म्हणून आकडा याहून कमीच राहतो. जागेच्या हिशेबात इन्क्रिमेंटल जिंकतं. पण शनिवारी रिस्टोर करायची वेळ आली तर इन्क्रिमेंटलला सात फायली लागतात, डिफरेन्शियलला दोन. आता धरून चाला की कोणतीही एक फाइल धड वाचता येण्याची शक्यता ९९ टक्के आहे. दोन्ही फायली धड निघण्याची शक्यता ९८ टक्के, सातही निघण्याची ९३ टक्के. महिन्यातून एकदाच फुल घेऊन पुढे ३० दिवस इन्क्रिमेंटल घेणाऱ्याच्या साखळीत शेवटच्या दिवशी ३१ फायली असतात. त्या सगळ्या धड निघण्याची शक्यता ७३ टक्के. ९९ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे, पण उतार असाच लागतो. शिवाय इन्क्रिमेंटलच्या साखळीत मंगळवारची फाइल खराब निघाली तर बुधवार ते शनिवारच्या चांगल्या फायलीही निकामी. डिफरेन्शियलमध्ये शनिवारची गेली तर शुक्रवारवर भागतं.

माझं मत विचाराल तर ज्या कचेरीत बॅकअप पाहायला वेगळा माणूस नाही, तिथे थोडी जास्त डिस्क विकत घ्यावी आणि डिफरेन्शियलच घ्यावं. इन्क्रिमेंटलची लांब साखळी ज्याच्याकडे तिचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवणारा माणूस आहे, त्याच्यासाठी.

*

टेपच्या काळात हा हिशेब उघड्यावर असायचा. १९७० च्या दशकातल्या युनिक्समध्ये डम्प नावाची आज्ञा आली आणि तिने पातळ्यांची पद्धत रुजवली. पातळी शून्य म्हणजे फुल. एक ते नऊ या पातळ्यांचा नियम एका वाक्यात मावतो: कोणत्याही पातळीचा डम्प आपल्यापेक्षा खालच्या पातळीच्या शेवटच्या डम्पनंतरचे सगळे बदल घेतो. रोज १, १, १ घेतलं की डिफरेन्शियल झालं. १, २, ३, ४ असं चढत गेलं की इन्क्रिमेंटल.

पण डम्पच्या माहितीपुस्तिकेत सुचवलेला क्रम या दोन्हींपेक्षा वेगळा आणि फार देखणा आहे: ३, २, ५, ४, ७, ६, ९, ८, ९. तो 'टॉवर ऑफ हनोई' या कोड्यावरून घेतला आहे. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये आणलेल्या या चकत्यांच्या कोड्याला काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची एक दंतकथाही चिकटलेली आहे. (काशीत असं देऊळ कुणी पाहिलेलं नाही, पण दंतकथेचं त्यावाचून अडत नाही.) रविवारी शून्य घेऊन सोमवारपासून हा क्रम लावला तर शनिवारी पातळी सहा येते. सहाच्या मागे तिच्याहून खालची सर्वांत अलीकडची पातळी कोणती? शुक्रवारची सात नव्हे, गुरुवारची चार. चारच्या मागे बुधवारची पाच नव्हे, मंगळवारची दोन. दोनच्या मागे सोमवारची तीन नव्हे, थेट रविवारचा शून्य. म्हणजे शनिवारी रिस्टोरला रविवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार अशा चार टेपा लागल्या, सात नाही. उरलेल्या तीन टेपा वाया गेल्या का? नाही. बुधवारी बदललेली फाइल बुधवारच्या टेपवर आहे आणि गुरुवारच्याही, कारण गुरुवारची चार मंगळवारपासूनचं सगळं घेते. शनिवारची टेप यंत्राने चावली तर शुक्रवारची सात, गुरुवारची चार, मंगळवारची दोन आणि शून्य, अशी दुसरी साखळी तयारच असते. कमी टेपांत इतकी सोय करणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही. गोम एवढीच की पहाटे तीन वाजता झोपेतून उठवलेल्या माणसाला हे गणित तोंडी करता आलं पाहिजे.

त्याच्या मदतीला डम्पडेट्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असायची, युनिक्सच्या अनेक घराण्यांत ती अजून आहे. एका ओळीत तीन गोष्टी: कोणती फाइल सिस्टिम, कोणती पातळी, कोणता क्षण. बस. पुढचा डम्प हीच फाइल वाचून कुठून सुरुवात करायची ते ठरवतो. दोन बारकावे मात्र जुन्या ऑपरेटरांनाच ठाऊक असायचे. एक, आज्ञेबरोबर ठरावीक अक्षर दिलं तरच या फाइलमध्ये नोंद होते. ते विसरलात तर नुकसान नाही, पुढचा डम्प नुसता मोठा होतो. उलट, चाचणी म्हणून घेतलेल्या आणि कुठेच न साठवलेल्या डम्पची नोंद झाली, तर पुढचे सगळे डम्प अस्तित्वात नसलेल्या टेपवर टेकतात. म्हणजे आपला बुधवारच, फक्त तीस-चाळीस वर्षं आधीचा. दुसरा बारकावा असा की नोंद टेप कोणती हे सांगत नाही. ते डबीवरच्या लेबलवर, शाईने, ज्याच्या त्याच्या अक्षरात.

डॉसने आणि पुढे विंडोजने ही फाइलही काढून टाकली आणि सगळा हिशेब प्रत्येक फाइलवरच्या एका खुणेवर आणला. फाइल बदलली की आर्काइव्ह बिट लागतो. फुल आणि इन्क्रिमेंटल बॅकअप तो पुसतात, डिफरेन्शियल पुसत नाही. खूण एकच. तिच्यावर दोन वेगळी बॅकअप सॉफ्टवेअरं चालली की पहिलं पुसून गेलेलं दुसऱ्याला दिसतच नाही, आणि दोन्ही बॅकअप स्वतंत्रपणे अपुरे राहतात. ऑरॅकलने तर आणखी एक पेच करून ठेवला आहे. त्यांच्या आरमॅन या बॅकअपच्या साधनात 'डिफरेन्शियल' म्हणतात ते इतर जग ज्याला इन्क्रिमेंटल म्हणतं ते, आणि आपल्या डिफरेन्शियलला तिथे 'क्युम्युलेटिव्ह' हे नाव. एसक्यूएल सर्व्हरवरून ऑरॅकलवर गेलेल्या माणसाने याची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवून ठेवावी.

*

टेपांची लेबलं गेली, त्यांच्या जागी कॅटलॉग आले. कोणता बॅकअप कधीचा, कोणत्या प्रकारचा, कशावर टेकलेला, कोणत्या टेपवर वा डिस्कवर, हे सगळं एका डेटाबेसमध्ये. माणसाची स्मरणशक्ती सुटली, पण एक प्रश्न उभा राहिला तो राहिलाच: हा कॅटलॉग ठेवायचा कुठे? एसक्यूएल सर्व्हर आपला बॅकअपचा इतिहास त्याच सर्व्हरवरच्या एका डेटाबेसमध्ये ठेवतो. म्हणजे सर्व्हर जळाला की इतिहासही जळतो. मग फायलींचे हेडर एकेक करून वाचायचे आणि क्रम जुळवायचा. ऑरॅकल हा इतिहास डेटाबेसच्या कंट्रोल फाइलमध्ये ठेवतो आणि तिथली ठरीव मुदत फक्त ७ दिवसांची असते. त्यानंतर जुन्या नोंदीवर नवी नोंद पडू शकते. आठवड्यातून एकदा फुल घेणाऱ्याने आणि महिन्याभराचे बॅकअप सांभाळणाऱ्याने ही मुदत वाढवली नाही, तर फायली असतात आणि त्यांची ओळख विसरलेली असते. त्या पुन्हा नोंदवून घेता येतात, पण ते शिकायची वेळ सर्व्हर बंद असतानाची नसावी.

याचा सर्वांत समंजस विचार मला बॅक्युला या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. केर्न सिबाल्ड यांनी ते २००० मध्ये सुरू केलं. त्याच्या मूळ मांडणीतच रात्रीचे सगळे जॉब आटोपले की शेवटी कॅटलॉगचाच बॅकअप घ्यायचा, तोही दरवेळी फुल, आणि सोबत एक छोटी बूटस्ट्रॅप फाइल लिहायची: काहीच उरलं नाही तर कोणती टेप लावायची आणि तिच्यावर कुठून कुठपर्यंत वाचायचं, एवढाच मजकूर. ती फाइल दुसऱ्या मशीनवर किंवा मेलने बाहेर पाठवायची. कॅटलॉग गेलाच, तर टेपा अथपासून इतिपर्यंत वाचून तो पुन्हा बांधणारी आज्ञाही आहे, पण तिला लागणारा वेळ टेपांच्या संख्येने मोजावा लागतो.

मोडतोड होते ती घेताना कमी, टाकताना जास्त. डिस्क भरत आली की कुणीतरी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहितो: तीस दिवसांपेक्षा जुनं असेल ते काढून टाक. स्क्रिप्ट वय पाहते, नातं पाहत नाही. एकतिसाव्या दिवशी फुल उडतं आणि त्याच्यावर टेकलेली, वयाने कोवळी इन्क्रिमेंटल अनाथ होऊन दिमाखात डिस्कवर बसून राहतात. नियम उलटा हवा: ज्याच्यावर टेकलेलं काहीही ठेवायचं आहे, ते टाकायचं नाही. चांगली सॉफ्टवेअरं तसंच करतात, म्हणून त्यांत 'तीस दिवस' लिहिलं तरी डिस्कवर चाळीस दिवसांचा ऐवज दिसतो आणि अकाउंट्सवाले विचारतात की जागा एवढी का लागते.

आणि सगळी साखळी ज्या एका गोष्टीवर विसंबते, ती म्हणजे 'काय बदललं' याचं उत्तर, तेच चुकलं तर? व्हीएमवेअरने २००९ मध्ये आपल्या आभासी यंत्रांच्या डिस्कवर बदललेले ब्लॉक टिपणारी सोय दिली आणि बॅकअप कंपन्यांनी आपली इन्क्रिमेंटल तिच्यावर उभी केली. २०१४ मध्ये उघड झालं की डिस्क वाढवताना तिने १२८ जीबीची रेघ ओलांडली की ही सोय बदललेल्या ब्लॉकांची चुकीची यादी देऊ शकते. एरर नाही, इशारा नाही. इन्क्रिमेंटल व्हायची, साखळी कागदावर अखंड असायची, आत भोकं. उपाय म्हणजे ती सोय बंद करून पुन्हा चालू करायची आणि नवं फुल घ्यायचं. ठरावीक काळाने खरंखुरं, मूळ सर्व्हरवरून वाचलेलं फुल घ्यावं असं जुने लोक का सांगतात, ते यातून कळतं. साखळी कितीही नीट जोडा, तिचं पहिलं टोक कधीतरी जमिनीला लागलं पाहिजे.

*

मग एवढी दगदग हवी कशाला, सरळ दुसऱ्या मशीनवर हुबेहूब प्रत ठेवावी, असं वाटू शकतं. अनेक मोठ्या संस्थांना तसं वाटलं होतं. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं. आपल्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं, कामं हाताने करायची वेळ आली. कंपनीच्या नेटवर्कवर कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांच्या प्रती होत्या आणि म्हणूनच सगळ्या एकदम पुसल्या गेल्या. वाचली ती घानामधली एक, कारण त्या वेळी तिथे वीज गेलेली होती. हुबेहूब प्रत फक्त आजचा दिवस दाखवते. काल परत मागितला तर तिच्याकडे नसतो. क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकाचं उदाहरण आणखी बोलकं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे बॅकअपच्याच स्क्रिप्टने ७७ टीबी डेटा, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, पुसून टाकल्या. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग काढणारी ती स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती लिहिली गेली. शेल स्क्रिप्ट वाचत वाचत चालवतो, त्यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी चालली, कोणत्या फोल्डरमध्ये काढायचं ते नाव रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायली गेल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यांतल्या चारांचा डेटा परत आणता आला नाही. त्यानंतर विद्यापीठाने जाहीर केलेल्या उपायांत आरशासारख्या प्रतीच्या जोडीला इन्क्रिमेंटल बॅकअप हाही होता.

दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ओपीडीपासून लॅबपर्यंत सगळं काही दिवस कागदावर चाललं. हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला. अशा हल्ल्यात प्रश्न असतो तो मागे किती जायचं याचा, आणि मागे जाण्याचा जिना म्हणजे हीच साखळी, पायरी न पायरी शाबूत असलेली.

३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीचं जे झालं, ते या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचलेलं असतं, कारण कंपनीने काहीच न लपवता सगळं जाहीर लिहिलं. दुय्यम सर्व्हर समजून एका इंजिनिअरने मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला घेतले. रोजचा डम्प पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीच्या साधनाने चालत होता आणि डेटाबेस होता ९.६ चा, त्यामुळे तो रोज फसत होता. फसल्याच्या मेली निघत होत्या, पण स्वाक्षरी नसल्यामुळे मेल सर्व्हर त्या परत लावत होता. वाचवलं ते सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. 'यशस्वी' अशी मेल येणं आणि 'फसलं' अशी मेल न येणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

*

आजची साधनं साखळी दृष्टिआड करायचा प्रयत्न करतात. बोर्ग किंवा रेस्टिकसारखी सॉफ्टवेअरं फायलींचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा एकदाच साठवतात आणि रोजचा बॅकअप म्हणजे कोणते तुकडे हवेत याची नुसती यादी. फुल आणि इन्क्रिमेंटल हा भेदच उरत नाही. मधला कोणताही दिवस टाकला तरी बाकीचे दिवस शाबूत. छानच आहे. पण एका तुकड्यावर शंभर दिवस टेकलेले असतात, तेव्हा तो तुकडा खराब झाला तर शंभरही दिवसांतली ती फाइल गेली. साखळी संपली नाही, जाळं झालं.

उलट पोस्टग्रेसने सप्टेंबर २०२४ मध्ये १७ व्या आवृत्तीत इन्क्रिमेंटल बॅकअप आणला तो अगदी जुन्या वळणाचा. नवा बॅकअप घेताना ज्याच्यावर तो टेकणार आहे त्याची यादी-फाइल सर्व्हरला द्यायची. रिस्टोरच्या वेळी फुलपासून शेवटच्या इन्क्रिमेंटलपर्यंत सगळे ओळीने देऊन त्यांचं एक फुल करून घ्यायचं. आणि त्यांच्या अधिकृत माहितीपुस्तकात स्वच्छ सांगून ठेवलं आहे की कोणता बॅकअप अजून कोणाला लागणार आहे हे ओळखायची यंत्रणा पोस्टग्रेसमध्ये नाही. हे नातं तुमचं तुम्ही सांभाळा आणि लागणारा जुना बॅकअप टाकू नका. मला हा प्रामाणिकपणा आवडला. अर्धशतकापूर्वीच्या टेपच्या डबीवर जे लिहावं लागायचं, तेच पुन्हा आपल्या हातात.

आता आपल्याकडच्या लहान कचेऱ्यांचं. कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत ११ ऑगस्ट २०२२ पासून बदल झाला. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा भारतातल्या सर्व्हरवरचा बॅकअप आधी 'ठरावीक काळाने' चालायचा, आता तो रोज हवा. ऑडिटर तारखा पाहतात. त्यामुळे तारखांच्या फायली सगळीकडे झाल्या. त्यांची नावं मात्र 'बॅकअप', 'बॅकअप नवीन', 'बॅकअप नवीन फायनल २' अशी. अशा फोल्डरला साखळी लावण्याऐवजी रोज फुलच घ्यावं हे बरं. बहुतेक पतसंस्था, दवाखाने, दुकानं यांचा डेटा मुळात एवढा नसतो की इन्क्रिमेंटलची गरज पडावी. आणि साखळी ठेवायचीच असेल तर फाइलच्या नावात तीन गोष्टी याव्यात: कोणता सर्व्हर, कोणता प्रकार, आणि कोणत्या तारखेच्या फुलवर टेकलेली. तिसरी गोष्ट कुणीच लिहीत नाही. बुधवारचं ते चोरटं फुल नावात आलं असतं, तर गुरुवारी सकाळीच डोळ्यांत खुपलं असतं.

एवढं केल्यावर तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनवर रिस्टोर करून पाहायचं. फाइल वाचता येते का एवढं तपासणारी आज्ञा एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे, पण साखळी पुरी आहे का हे ती सांगत नाही. ते करूनच कळतं. ज्याने बॅकअपची व्यवस्था लावली त्याने त्या दिवशी हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं, आणि मूळ सर्व्हर व त्याचा कॅटलॉग दोन्ही बंद आहेत असं समजायचं. अडलं तरी पहिल्या माणसाला फोन करायचा नाही. जिथे फोन करावासा वाटला ती जागा लिहून ठेवायची. पहिल्या खेपेला अशा दहा-बारा जागा निघतात आणि त्यांतली पहिली बहुधा बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड असते, जो त्या बॅकअपमधल्याच एका एक्सेल फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो.